बांधावरच्या उसाचा थेंब

मी ब्रिक्स मीटर बोलतोय. दचकू नका. नाव परदेशी वाटलं तरी माझा सगळा जन्म बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या उसात गेलाय. वीतभर लांबीची नळी, एका टोकाला डोळा लावायची भिंगाची काच, दुसऱ्या टोकाला एक तिरपी काच आणि तिच्यावर झाकण. तिरप्या काचेवर उसाच्या रसाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडं तोंड करून बघायचं. आत निळा आणि पांढरा असे दोन रंग दिसतात. त्यांची हद्द ज्या आकड्यावर येईल तेवढी त्या रसात गोडी. मला एवढंच येतं.

कामाच्या वेळी मी कधी खोटं बोललो नाही. त्याची भरपाई मी बाकीच्या वेळी करतो. एकदा इंदापूरच्या एका सभेत मी मालकाच्या खिशात होतो. वक्ता इतका गोड बोलला की काचेवर थेंब नसताना माझ्या आत तेवीस चढले! पटत नाही? राहू द्या. पण आता पुढं जे सांगणार आहे त्यात मी काहीही वाढवलेलं नाही. त्यातला एक आकडा दुसऱ्याच कुणीतरी आधीच वाढवून ठेवलाय.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथून पुण्याच्या एका दुकानात आलो आणि तिथं मला रामहरीकाकांनी उचललं. ते सणसरचे, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर. गावोगावी त्यांना वरसियर म्हणायचे. कुणाचा ऊस पिकला, कुणाचा अजून कच्चा आहे हे तपासायचं आणि त्याप्रमाणं तोडणीचा क्रम लावायचा, हे त्यांचं काम. कारखान्याचा मीटर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा, म्हणून काकांनी पदरमोड करून मला आणलं. रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवायचे. शकुबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "त्या नळकांड्याला पुसता तेवढं कवा आरशाला पुसलं न्हाय तुमी. आमचं त्वांड दिसंना झालंय त्यात."

काका खोटं बोलायचे, पण त्यांची तऱ्हा निराळी होती. कळसला तानूबाई नावाची एक म्हातारी बांधावर शेळी घेऊन बसायची. मला बघून तिनं विचारलं, "वरसियर, ह्या दुर्बिणीतनं माझा पुण्यातला ल्योक दिसतो का वो?"

काकांनी मला डोळ्याला लावलं, पुण्याकडं तोंड केलं. "दिसतोय की. जेवाय बसलाय."

"काय खातोय?"

"बाजरीची भाकरी आन पिठलं."

"व्हय? मग सून बरी हाय म्हणायची," असं म्हणून म्हातारी समाधानानं उठली. माझ्यात तेव्हा निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं, पण मी गप्प बसलो.

याच कळसला दत्तोबांच्या रानात मला माधवी भेटली. दत्तोबांची थोरली मुलगी, अकरावी सायन्सला, इंदापूरच्या कॉलेजात. काका रस घेत होते आणि ही दप्तर पाठीला तसंच ठेवून बघत उभी होती.

"काका, तुमी आत एवढं लांब का जाता? बांधावर पण ऊसच हाय की."

काका थांबले. सोळा वर्षं ते शेतं तपासत होते, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेतकरी एकच विचारायचे, "तोड कवा?"

"बांधावरच्या उसाला ऊन, वारा जास्ती मिळतो, पोरी. त्यो आधी पिकतो. म्हणून वीस पावलं आत जायचं. पाच ऊस घ्यायचे. आन परत्येकाचे तीन थेंब. बुडखा, मधलं कांडं, शेंडा. बुडखा गोड असतो, शेंडा फिका. तिन्हीची सरासरी काढायची. एकट्या बुडख्याला इचारलं तर त्यो सगळ्याच उसाला गोड म्हणतो."

मग त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिनं मला उलटं धरलं. काका हसले नाहीत. हळूच सुलटं करून दिलं आणि म्हणाले, "आता सांग."

"सतरा... न्हाय, सतरा आन अर्धा."

"पुन्हा बघ."

"सतरा पॉइंट चार."

"शाब्बास. माझ्या साहेबाला पॉइंट दिसत न्हाय."

त्या दिवसापासून दर आठवड्याला मी दत्तोबांच्या दारात. काका येताना कधी मातीचा नमुना आणायचे, कधी कीड लागलेलं पान, आणि माधवीसमोर ठेवून म्हणायचे, "ह्येला काय झालंय सांग." तिला येत नसलं की आनंदानं म्हणायचे, "मला बी म्हायती न्हाय. शिकून ये आन मला सांग." दत्तोबांना तिचं बारावीनंतर लग्न उरकायचं होतं. त्यांना काका उसाच्या कडेला बसून समजावत. "दत्तोबा, ही पोरगी शेती कॉलेजला गेली पायजे. बारामतीत हाय की कॉलेज, लांब कुठं जायचंय?" दत्तोबा मान हलवायचे. ती होकाराची होती की माशी बसली होती, हे मलाही कळायचं नाही.

पुढच्या वर्षी, ती बारावीला असताना, सिद्धूला बिबट्या दिसला.

सिद्धू म्हणजे दत्तोबांचा बांधाशेजारी. थापांच्या बाबतीत मी त्याला गुरू मानायचो. दिवाळीनंतर एका सकाळी तो ओरडत आला, "दत्तोबा, तुमच्या उसात बिबट्या हाय! दोन डोळं चमाकलं. माझ्याएवढा व्हता!" पुढं पोरांनी सांगितलं की ते सिद्धूचंच पिवळं कुत्रं असावं. पण त्या दिवशी सगळ्यांनी खरं मानलं. घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंतची पायवाट उसातूनच जायची. दत्तोबांनी फर्मान काढलं, "ऊस तुटंस्तवर कॉलेज बंद. परीक्षाबिरीक्षा नंतर बगू."

त्यांच्या उसाची तोड फेब्रुवारीच्या शेवटी होती. प्रॅक्टिकल फेब्रुवारीच्या सुरुवातीला. प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की लग्न.

माधवीनं काकांना यातलं काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. तो माणूस तिला रोज सायकलवर डबलसीट घेऊन थांब्यापर्यंत सोडायला आला असता. पण सतरा वर्षांच्या पोरीला वाटलं, काकांनी पुन्हा आपल्यासाठी बापापुढं हात जोडायचे, ते नको.

नेमकं त्याच आठवड्यात काका म्हणाले, "माधवी, ह्ये मीटर आठ दिस तुझ्याकडं ठिव. कळसच्या शिवारातल्या धा शेतांची मापं तू घे, तक्ता कर. बगू कशी करतीस." खूश होऊन म्हणाले. मला देताना रुमालासकट दिलं.

तिनं नऊ शेतं अशी तपासली की काय सांगू. पावलं मोजून आत गेली, पानांनी हात कापून घेतले, पॉइंटसकट आकडे लिहिले. दहावं शेत घरचं. तिथं ती बांधावरच उभी राहिली. कडेचा, उन्हानं पिवळा पडलेला एक ऊस वाकवला, त्याच्या बुडख्यातनं थेंब काढला आणि माझ्या काचेवर ठेवला.

मी वीस सांगितले. खरेच सांगितले. त्या थेंबात वीसच होते.

तिनं माझं झाकण उघडलं, काच पुसली. मला वाटलं, आता आत जाईल, वीस पावलं. गेली नाही. तक्त्यात लिहिलं, वीस.

काकांनी तक्ता घेतला, मलाही परत खिशात घातलं. नऊ शेतांत स्वतः फिरून पडताळणी केली, तंतोतंत जुळली. दहाव्या शेताच्या बांधाशी आले आणि मला खिशातनं काढलंच नाही. बरोबरच्या चिटबॉयनं, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोऱ्यानं, विचारलं, "ह्ये न्हाय बघायचं?"

"पोरीच्या घरचं शेत तपासलं तर तिच्यावर इस्वास न्हाय असं व्हईल. दे हिकडं." आणि सही केली.

मला त्या क्षणी तोंड असतं तर! पण आमच्या जातीला तोंड नसतं, नुसता डोळा असतो. आणि तोही दुसऱ्याचा.

वीस म्हणजे पुरता पिकलेला ऊस, म्हणून दत्तोबांना डिसेंबरातच तोड मिळाली. ऊसतोडीची टोळी आली, निम्मा ऊस पडला, पायवाट मोकळी झाली, माधवी कॉलेजला जायला लागली. आणि सिद्धू कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन उभा राहिला. त्याच्या उसाची लागण दत्तोबांच्या आधीची. "माझा ऊस उभा आन ह्येचा कसा काय पडला? वरसियर रोज त्येंच्यात च्या पितो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी शेतकी साहेब स्वतःचा मीटर घेऊन कळसला आले. उभ्या राहिलेल्या उसात आत गेले, पाच ऊस घेतले. बाहेर येऊन तक्ता काकांपुढं धरला.

"रामहरी, हे काय? तुम्ही वीस लिहिलंय. सोळा भरतंय."

सगळे बांधावर उभे होते. सिद्धू, दत्तोबा, टोळीची माणसं. माधवी दप्तर घेऊन थांब्याकडं निघाली होती, ती जागीच थांबली. काकांनी तिच्याकडं बघितलं. तिनं खाली बघितलं.

बघता बघता त्यांना सगळं कळलं. मी त्यांच्या खिशात, छातीला लागून होतो, म्हणून सांगतो.

"साहेब, माझी चूक हाय," काका म्हणाले. "नजर कमी झालीय माझी. दोन-तीन म्हयनं झालं, आकडा नीट दिसत न्हाय. सांगायची लाज वाटली."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"चुकलं."

सिद्धू म्हणाला, "आंधळ्याच्या हातात आमचा ऊस दिलाय व्हय?" टोळीतलं कुणीतरी हसलं. माधवीची एस.टी. आली. ती पळत गेली आणि चढली.

आता बघा, काकांची नजर. तो माणूस सतराचे दशांश वाचणारा! पण एकदा सांगितलं की निभवावं लागतं. त्याच आठवड्यात त्यांनी बारामतीत जाऊन चष्मा घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला नंबरच नाही." काका म्हणाले, "मग बिननंबरी द्या. धूळ लई उडती." साहेबांनी त्यांना शेतावरून काढलं आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर बसवलं. एका खिडकीत. ट्रॅक्टर येणार, हे चिठ्ठी घेणार, ट्रॅक्टर जाणार. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं. उसाचा माणूस, आणि ऊस त्यांना फक्त ट्रॉलीत, मेलेला दिसायचा.

माधवी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. बारामतीच्या शेती कॉलेजात नंबर लागला. काका पेढे घेऊन कळसला आले, नाकावर तो चष्मा. मला रुमालातनं काढून तिच्या हातात ठेवलं.

"मला आता ह्यातनं काय दिसत न्हाय. तू बघत जा."

"काका, मला तुमाला..."

"वीस पावलं इसरू नको," एवढं म्हणून ते हसले, आणि दत्तोबांशी पावसापाण्याचं बोलायला लागले. तिला बोलायची वाट त्यांनी बंद केली की मोकळी ठेवली होती, हे मला आजवर उलगडलेलं नाही. तिला मात्र ती बंद दिसली. कदाचित तेच सोयीचं होतं.

त्यानंतर ती सणसरला गेली नाही. पहिल्या वर्षी म्हणाली, परीक्षा झाल्यावर जाईन. मग एम.एस्सी. झाल्यावर. मग नोकरी लागल्यावर. काकांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची पत्रिका आली, त्या दिवशी तिनं रजा काढली, साडी नेसली, मला पर्समध्ये ठेवलं आणि बारामतीच्या स्टँडवर दीड तास बसून परत खोलीवर आली. सणसरच्या किती गाड्या गेल्या ते मी मोजलं. सहा. थाप वाटेल, पण सहाच.

आज माधवीताई ऊस संशोधनात आहेत. चांगलं नाव आहे. गावोगावी शेतकऱ्यांना शिकवतात, आणि विषय कोणता? नमुना कसा घ्यावा! मला हातात उंच धरतात आणि म्हणतात, "मीटर फसवत नाही, थेंब फसवतो." लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या झाकणावर चापट मारल्यासारख्या लागतात.

गेल्या पावसाळ्यानंतर असाच कार्यक्रम बारामतीजवळ कन्हेरीला होता. वीस पावलांचं सांगून झालं, तसा मागच्या रांगेतनं एक पिकलेला आवाज आला.

"बाई, ह्ये तर रामहरी वरसियरचं बोलणं हाय. तुमी दत्तोबाची माधवी न्हवं? मी सिद्धू. बांधाशेजारचा."

ताई हसल्या, पण माझ्यावरची त्यांची पकड घट्ट झाली.

"माझ्याच तक्रारीनं त्येंना काट्यावर घातलं," सिद्धू म्हणाला. "तवा लई शानपना केला मी. आता वाईट वाटतंय. परवा सणसरला गेल्तो. मला वळखलं न्हाय. समदं इसरत चाललंय म्हणं. डॉक्टर म्हणला, ह्ये वाढतच जाणार."

ताईंनी तिथं, भर सभेत खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण जेवणाला थांबल्या नाहीत. गाडी काढली आणि सरळ सणसर गाठलं. चौदा वर्षांनी.

काका ओसरीवर खुर्चीत बसले होते. वाळलेले, दाढी वाढलेली, चष्मा तोच. शकुबाई शेंगा फोडत होती. तिनं ताईंना क्षणात ओळखलं.

"आलीस व्हय? वाट चुकलीस का काय?"

ताईंनी काकांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. बिबट्या, प्रॅक्टिकल, बांधावरचा ऊस, बुडखा. न रडता सांगितलं, एखादा प्रयोग सांगावा तसं, क्रमानं. शेवटी म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे चांगले होते. मी खोटं लिहिलं."

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न्हाय गं पोरी. तुझा काय संबंध? माझीच नजर गेलती. मला आकडा दिसला न्हाय."

"नाही काका, तुम्हाला दिसायचं."

"तू ल्हान व्हतीस, तुला काय म्हायती? माझं मला म्हायती. डोळंच गेलतं." आणि समजुतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ताईंनी शकुबाईकडं बघितलं. शकुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"त्येंना आता खरंच तसंच आठवतंय," ती म्हणाली. "एवढी वरसं जे त्ये सांगत आले, त्येवढंच उरलंय." मग म्हणाली, "चष्म्याला नंबर न्हाय ह्ये मला पयल्याच दिवशी कळलं. मी घालून सुई ववली की. इचारलं तर म्हणायचे, धुळीसाठी हाय. का, त्ये आज कळलं." तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "काट्यावरनं घरी आलं की हात बघत बसायचे. म्हणायचे, शके, उसाच्या पानानं कापल्याला एक वण न्हाय बघ. हात बायकी झालं."

"पाच वरसं आधी आली असतीस," शकुबाई म्हणाली, "तर दोघं मिळून हसला असता. तुझी वाट बघायचे त्ये. खोटं लिवलंस त्येचं त्येंना काय नसंल. आली न्हाईस, त्येचं व्हतं."

मग ताईंना काय वाटलं कुणास ठाऊक. शेजारच्या रानातनं ऊस आणला, मधल्या कांड्यातला थेंब काढून माझ्या काचेवर ठेवला आणि मला काकांच्या हातात दिलं. बोटांना मी आठवत होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, सवयीनं उजेडाकडं तोंड केलं. चौदा वर्षांनी तो डोळा पुन्हा माझ्यावर आला.

"अठरा पॉइंट सहा," काका म्हणाले.

ताईंनी बघितलं. अठरा पॉइंट सहा.

"काका! बरोबर वाचलंत! बघा, तुमची नजर चांगली आहे."

"अंदाजानं सांगितलं," काका म्हणाले आणि चष्मा खाली ओढला. "मला कुठं दिसतंय?"

त्या दिवशी ताई मला सणसरलाच ठेवून गेल्या. मी आता ओसरीच्या कोनाड्यात असतो, काकांच्या हाताला येईल असा. माझ्या झाकणाची बिजागरी सैल झालीय, रबर फाटलंय, पण काच शाबूत आहे. ताई दर रविवारी येतात. काकांना आधीचा रविवार आठवत नाही, म्हणून ताई पुन्हा पहिल्यापासून सांगतात. आणि तो माणूस दर रविवारी नव्यानं म्हणतो, "न्हाय पोरी, तुझा काय संबंध? माझेच डोळे गेलते." दर रविवारी तो तिला त्या बांधावरनं पुन्हा सोडवतो, आणि ती पुन्हा तिथंच उभी राहते.

मी आयुष्यभर खूप थापा मारल्या, पण इतकी टिकाऊ थाप मला जमली नाही.

वाचकहो, माझी एक विनंती आहे. कधी सणसरला आलात तर वरसियरांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. ओसरीवर चष्मा लावून बसलेले दिसतील. त्यांच्याजवळ बसा, शकुबाईचा चहा घ्या, आणि एवढंच म्हणा, "काका, तुमची नजर चांगली होती. तुम्हाला सगळं दिसलं होतं." मला म्हणता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ते मानणार नाहीत. तरी म्हणा.